सहाही फोटोंत मी नव्हतो

निहारच्या प्रोफाइलवर सहा फोटो होते. सहा फोटोंत मिळून सात कान दिसत होते, पाच उजवे आणि दोन डावे. डावे कान ज्या दोन फोटोंत होते, ते दोन्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचे. फोटोंखाली चार ओळी होत्या आणि त्यांत अडतीस शब्द.

मला डोळे नाहीत. ही मोजदाद निहारच्या धाकट्या बहिणीने, समीक्षाने, स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने केली, म्हणून मला ठाऊक आहे. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, ह्यात तुझी मशीन खंय आसा?"

मित्रांनो, ती मशीन म्हणजे मी. मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. निहारच्या डाव्या कानामागे बसतो. सेल घातल्यावर माझं वजन साडेचार ग्रॅम भरतं. माझ्या पाठीवर आवाज आत घेणारी दोन बारीक भोकं आहेत, पोटात तो आवाज वाढवणारा एक चकतीएवढा भाग आहे आणि तिथून निघालेली पारदर्शक नळी कानात बसणाऱ्या एका साच्यात शिरते. तो साचा पणजीला तयार झाला. निहारच्या कानात गुलाबी लगदा भरून त्याचा ठसा घेतला होता. त्यामुळे जगातल्या दुसऱ्या कुणाच्याही कानात मी नीट बसणार नाही.

माझी एक खोड सुरुवातीलाच सांगतो. मी चालू असताना मला मुठीत धरलं किंवा कशाखाली दाबलं, की माझ्याच तोंडचा आवाज माझ्या भोकांत परत शिरतो, मी तो पुन्हा वाढवतो, तो पुन्हा आत शिरतो, आणि बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू होते. ती थांबवायची तर सेलचं झाकण उघडायचं. निहारला ही शिट्टी ऐकू येत नाही. इतका बारीक आवाज त्याच्या कानांच्या हद्दीबाहेर आहे.

वीस वर्षांचा असताना निहार तापाने अठरा दिवस अंथरुणावर होता. ताप उतरला तेव्हा उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येईना आणि डाव्याने अर्धंमुर्धं. कारण पक्कं कुणालाच कळलं नाही. पुढच्याच महिन्यात मी गोव्यात, पेडण्याला त्यांच्या घरी आलो. पहिल्या सकाळी त्याने मला कानावर चढवलं आणि थोड्या वेळाने रस्त्यावरून पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला. निहार दचकून उठला. "आये, पोदेर अजून येता?" त्याची आई चंद्रावती म्हणाली, "अरे, रोज येता. तू खातस ते पाव काय झाडाक लागतत?" आणि मग बराच वेळ तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. शेजारच्या बायका मला बघायला आल्या. कुणीतरी मला हळदकुंकूही लावायला निघालं होतं, समीक्षाने अडवलं.

माझ्या जिवावर निहार बी.एस्सी. झाला. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली. गोळ्यांची वजनं घ्यायची, त्या किती वेळात विरघळतात ते बघायचं. वजनकाटा स्थिरावला की हलकासा 'टिक' करतो, तो मी त्याला पोहोचवत असे. रात्री तो मला कोरड्या कापडाने पुसायचा आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवायचा. पेडण्याच्या हवेत तसं न करणारी यंत्रं दोन वर्षांत गंजतात. मला सात वर्षं झाली.

गावात माझ्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे गावात लपवायचं काही नव्हतं. लपवणं सुरू झालं ते गावाबाहेरच्यांसाठी. लग्नाची दोन स्थळं माझ्यामुळे परत गेली. दुसऱ्या वेळी मुलीचा मामा अंगणात हळू बोलला, "पोरगो बरो, पण उद्या पोरांय तशीच झाली तर?" त्याला वाटलं निहारला ऐकू येणार नाही. मी चालू होतो.

त्यानंतर निहारने केस वाढवले. मी केसांखाली गेलो. आणि जेव्हा त्याने ओळखी जुळवणाऱ्या अ‍ॅपवर आपलं नाव घातलं, तेव्हा चंद्रावती त्याच्या शेजारी बसून म्हणाली, "ता कानातला काडून ठेव फोटोक. लोक आदी कान बगतले, मगे तुका. आनी शाकाहारी म्हणान घाल. बरां दिसता."

"आये, कालच बांगडे खाल्ले."

"तुका बांगड्यावांगडा लगीन करूचा आसा?"

अशा रीतीने अडतीस शब्दांत एक शब्द खोटा पडला आणि मी तर शब्दांतही नव्हतो.

मित्रांनो, अ‍ॅप ही निहारसाठी फार सोयीची जागा होती. तिथे सगळं लिहून चालतं. लिहिण्यात तो कुणापेक्षा कमी नव्हता. तिथेच त्याला शिरगावची गौरवी भेटली. तिने स्वतःबद्दल लिहिलेलं समीक्षाने मोठ्याने वाचलं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. 'वय तीस. साखरपुडा एकदा मोडलाय. मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला आहे असं म्हणाला होता, नव्हता. मला मासे आवडतात. पोहता येत नाही. रागावले की दोन दिवस बोलत नाही. एकच विनंती, जे आहे ते आधी सांगा.'

वाचून झाल्यावर समीक्षा म्हणाली, "ही बरी आसा. हिका आजच सांग."

"सांगतंय," निहार म्हणाला.

तो सात आठवडे 'सांगतंय' म्हणत राहिला. तो आणि गौरवी रोज एकमेकांना लिहायचे. तिने फोन केला की तो उचलत नसे आणि मग रेंज नव्हती असं लिहीत असे. तेव्हा ती आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवू लागली. फोनमधला आवाज माझ्यातून जाताना चिरकतो, शब्द एकमेकांवर चढतात. म्हणून समीक्षा तो ऐकायची आणि वहीच्या पानावर उतरवून त्याच्यापुढे ठेवायची. एकदा ती अर्ध्यात थांबली.

"दादा, शब्द लिवन दिले. पण ती मदीच हासली. ता कसां लिवू?"

"लिव, 'हसली'."

"'हसली' म्हणजे कळला तुका? काय कळला?"

पानावर 'हसली' एवढंच राहिलं.

आठव्या आठवड्यात ती दोघं मये तळ्यावर भेटली. त्या दिवशी मी माझं सगळं बळ लावलं. वारा नव्हता, गर्दी नव्हती, आणि नशिबाने ती त्याच्या डावीकडे बसली. तिचा प्रत्येक शब्द मी त्याला स्वच्छ पोहोचवला. पाण्यावर वल्ही आपटत होती, तीसुद्धा.

"तू मी बोलताना माझ्या तोंडाकडे बघतोस," ती म्हणाली. "बाकीचे फोनकडे बघतात."

ओठ वाचायची ती त्याची सवय होती. मला वाटलं, आता. याहून चांगली जागा पुन्हा मिळणार नाही. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने श्वास आत घेतला. कानामागे बसणाऱ्याला तो कळतो.

"गौरवी, मी एक गोष्ट लपवलीय."

"सांग."

एक, दोन, तीन, चार सेकंद. "मी शाकाहारी नाही. सोमवार सोडला तर रोज मासे खातो."

ती इतक्या जोरात हसली की मला आवाज आपोआप कमी करावा लागला. "मरे! मी आईला काय सांगून आलेय ठाऊक आहे? पोरगा सोन्यासारखा आहे, पण आयुष्यभर वालीची भाजी करावी लागेल." हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, "अजून काय लपवलंयस?"

"काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

मित्रांनो, मी आवाज आत नेतो. बाहेर नेणं मला जमत नाही. जमलं असतं तर तेव्हा बोललो असतो.

पंधरा दिवसांनी गौरवीच्या वडिलांनी निहारला शिरगावला घरी बोलावलं. सगुण त्यांचं नाव. खाणी चालू असताना त्यांचा खनिजाचा ट्रक होता, आता थोडी भातशेती आणि काजू. मागच्या वेळी मुलीची फसवणूक झाल्यापासून ते माणसाला घरात घेऊन, समोर बसवून बोलायचे. निहारच्या घरी आनंद झाला. चंद्रावती म्हणाली, "अशे वेताळासारखे केस घेवन जातलंस?" आणि शनिवारी तिने त्याला न्हाव्याकडे पाठवलं. न्हाव्याने केस कानावर दोन बोटं वर नेले. त्याने केस वाढवल्यापासून पहिल्यांदा माझ्या भोकांवर सरळ वारा लागला.

घरी आल्यावर निहार आरशासमोर बराच वेळ थांबला. समीक्षा दारातून म्हणाली, "आता झाला. आता लपता काय? असोच जा."

चंद्रावती आत निघून गेली. केस कापायला तिनेच लावलं होतं.

रविवारी तो बसने म्हापशाला आणि तिथून डिचोलीला गेला. रस्ताभर मी कानावर होतो. शिरगावला घराच्या फाटकापाशी त्याने मला काढलं. उजवीकडे-डावीकडे बघितलं असावं, कारण तो काही क्षण थांबला. मग मला सदऱ्याच्या डाव्या खिशात सोडलं. झाकण उघडण्यासाठी त्याचं नख माझ्यावर आलंही होतं. तेवढ्यात सगुणांची हाक आली, "ये, ये, पेडणेकार! वाट चुकलो नाय मां?" आणि नख निघून गेलं. खिशात मी चालूच राहिलो.

त्याने आपली तयारी केली होती. समोरासमोर बसलं की ओठ वाचता येतात, आणि बहुतेक प्रश्न तेच असतात. नोकरी कुठे, घरात कोण, वडील कधी वारले. या सगळ्याची उत्तरं त्याने बरोबर दिली. एकदा गौरवीच्या आईने, शेवंतीने, "चाय घेतलंस मां?" विचारलं तेव्हा तो "दोन बहिणी, नाही, एक" असं म्हणाला, पण ती हसून पुढे गेली. पावणा बिचारा घाबरलाय असं तिला वाटलं.

मग सगुण उठले. "बसच्या आदी देवाक सांगया."

आमच्याकडे नव्या कामाआधी गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. निहारला हे लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती. गाऱ्हाणं घालणाऱ्याचं तोंड देवाकडे असतं. मागे उभ्या राहणाऱ्याला त्याची पाठ दिसते.

घरातले आणि शेजारचे मिळून आठजण उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले. निहारनेही जोडले, आणि जोडताना त्याचा दंड खिशावर दाबला गेला.

माझी शिट्टी सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज पेडण्यासून पावणो इलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"दोगांचां मन जुळलां आसात, तर पुढची वाट दाखय."

"व्हय म्हाराजा!"

आठ माणसांच्या आवाजाखाली मी झाकला जात होतो. निहार शेजाऱ्याच्या छातीकडे बघून ताल धरत होता. श्वास वर गेला की बोलायचं. तीनदा त्याचं जमलं.

"मागच्या खेपेक आमी फसलों. ह्या खेपेक काय लपलां आसात, तर ता आदीच भायर काड!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं. सगळे शांत झाले. आणि त्या शांततेत मी एकटा वाजत राहिलो. मला थांबायचं होतं, मित्रांनो. मी शपथेवर सांगतो. पण झाकण उघडायला मला हात नाहीत.

"कुकर लायला मगो?" कुणीतरी कुजबुजलं.

"कुकर खंय? गॅस बंद आसा," शेवंती म्हणाली.

"मोबायल कोणाचो रे?"

मग सगळ्यांचे चेहरे निहारकडे वळले. हे त्याने नंतर समीक्षाला सांगितलं. आठ चेहरे आपल्याकडे बघताहेत, म्हणजे आपलं म्हणायचं राहिलंय, असं त्याला वाटलं. त्याने हात अजून घट्ट जोडले, मी अजून वर चढलो, आणि तो सगळ्यांत मोठ्याने, एकटाच म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. पायांचा आवाज जवळ आला. एक बोट खिशाच्या कापडावरून माझ्यावर टेकलं. ते गौरवीचं होतं. निहारने खिशात हात घातला, मला बाहेर काढलं आणि तसाच तळहातावर धरून राहिला. तिने काहीतरी विचारलं. त्याला कळलं नाही. तेव्हा सगळ्यांसमोर त्याने मला कानावर चढवलं, साचा आत दाबला. शिट्टी थांबली.

"किती वर्षं?" तिने पुन्हा विचारलं.

"सात."

सगुण खाली बसले. बाकडं करकरलं. "अरे बाबा, कान उणो म्हणान कोण सोडता रे माणसाक? माझो बापूस धा वर्सां बहिरो होतो, ह्याच घरात. आमी पाटयेर लिवन त्याच्याकडे बोलत होतंव." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "पाटी अजून माळ्यार आसतली," शेवंती पुटपुटली.

गौरवी त्याला बाहेर ओसरीवर घेऊन गेली आणि त्याच्या डावीकडे उभी राहिली.

"तळ्यावर मी विचारलं होतं, अजून काय. दोनदा विचारलं."

"घाबरलो."

"माशांचं सांगताना नाही घाबरलास."

"मासे सोडून कोणी जात नाही, गौरवी. ह्याच्यामुळे गेलेत. दोन स्थळं गेली."

"तुझ्या कानाचं मला दोन मिनिटं वाईट वाटलं असतं. मग मी डावीकडे बसायला शिकले असते. एवढंच झालं असतं. पण आता तू काहीही सांगितलंस की मी ते तपासायला जाणार. मागच्या वेळी मी वास्कोला बंदराच्या गेटवर उभी होते, त्याचं नाव विचारत. तिथला माणूस यादी बघून म्हणाला, असा कोणीच नाही. पुन्हा तशी उभी नाही राहायची मला."

"परत भेटूया?"

"नको."

हळू बोलली ती. पण मी शिट्टीनंतर सावरलो होतो आणि तो शब्द मी पूर्ण, स्वच्छ त्याच्या कानात सोडला होता.

"काय म्हणालीस?" निहारने विचारलं.

तिला तो पुन्हा म्हणावा लागला.

दुसऱ्या दिवशी तो मला पणजीला घेऊन गेला. तिथे कान तपासणाऱ्या अमृता मॅडम आहेत, बेळगावकडच्या. त्याने मला टेबलावर आपटलंच. "ह्याची शिट्टी बंद करा. खराब झालंय हे."

त्यांनी माझी नळी बदलली, भोकं साफ केली, संगणकाला जोडून सगळे आवाज तपासले. "काय पण खराब नाही हो यात. कानात घट्ट बसलं की वाजत नाही. वाजलं तेव्हा कुठं होतं?"

निहार खिशातून पैसे काढू लागला.

"रोज घालत जा. कानाला ऐकायची सवय मोडली की मग यंत्र बदलून पण शब्द उमगत नाहीत. ती सवय परत लावायला लागतंय मग."

तेव्हापासून मी बहुतेक डबीत असतो. कारखान्यात साहेबांनी बोलावलं की निहार मला कानावर चढवतो, त्यांचं बोलणं संपलं की काढतो. अ‍ॅप त्याने फोनवरून काढून टाकलं. समीक्षा एकदा म्हणाली, "दादा, मशीन दिसता असो एक फोटो काडूया, खरां ता लिवया." तो म्हणाला, "आता कोणाक दाखवू?" ती वहीसुद्धा त्याने कुठे ठेवली मला माहीत नाही. चंद्रावती रोज सकाळी मला पेजेच्या वाडग्याजवळ ठेवते आणि म्हणते, "घाल रे पुता." तो पेज पितो आणि उठतो. ती पुन्हा म्हणते, मग पुन्हा. तिला कळतं की त्याला ऐकू येत नाही. तरी ती म्हणते. दाणे बदललेले नाहीत, त्यामुळे माझ्या एका भोकात हिरवट थर धरू लागला आहे. आवाज आता मलाही मंद वाटतो.

मित्रांनो, माझ्याकडून तुम्हाला एकच विनवणी आहे. माझ्यासारखं एखादं यंत्र, चष्मा, काठी, कुबडी तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या अंगावर असेल, तर ते पुसा, कोरडं ठेवा, त्याच्या सेलची काळजी घ्या. आणि कुणाला स्वतःची ओळख करून द्याल तेव्हा त्यालाही फोटोत घ्या. पहिल्याच फोटोत घ्या. जो त्यामुळे जायचा तो त्या दिवशीच जाऊ दे. मला हे निहारला सांगायचं होतं. पण सांगण्यासाठी मी त्याच्या कानात असायला हवा.

गेल्या गुरुवारी समीक्षाने मला रुमालात गुंडाळून पणजीला नेलं. निहार आला नाही. अमृता मॅडमनी मला पुन्हा संगणकाला जोडलं आणि पडद्यावरची नोंद वाचली.

"मागच्या तपासणीपासून दिवस, एकशे तेहतीस. दररोजचा सरासरी वापर, शून्य तास सहा मिनिटं."